झाडाखालचा बाक आणि पडद्याआडची खोली

माझी एक मावसबहीण अमेरिकेत बफेलोच्या बाजूला राहते. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, काही ध्यानीमनी नसताना, सकाळी ऑफिसला जायला बूट घालत होता आणि गेला. मागच्या उन्हाळ्यात ती एका मैत्रिणीबरोबर तासाभराच्या अंतरावरच्या लिली डेल नावाच्या गावाला जाऊन आली आणि फॅमिली ग्रुपवर तीन फोटो टाकले, जुनं दाट जंगल, त्यात लाकडी बाकांच्या रांगा, आणि बाकांसमोर झाडाचा एक सिमेंटने मढवलेला बुंधा. खाली एक ओळ, "इथे गेलेल्या माणसांशी बोलतात." झालं, पुढचे दोन दिवस ग्रुप पेटला. एक काका म्हणाले इंजिनियर होऊन असले उद्योग, दुसऱ्या काकांनी दाभोलकरांचा फोटो टाकला, एका मामीने गुपचूप पर्सनल मेसेज करून फी किती ते विचारलं (हे मला नंतर कळलं, आणि त्यात मामीचं काही चुकलं असं मला वाटत नाही), आणि शेवटी आपलं ठरलेलं वाक्य आलंच, असल्या जागांवर सरकारने बंदी घातली पाहिजे.

मी तेव्हा गप्प बसले कारण मला काय म्हणायचंय तेच माहीत नव्हतं. नंतर या गावाबद्दल, आणि असल्या बाकीच्या गावांबद्दल मिळेल ते वाचत सुटले, आणि आता मत आहे. आधीच सांगते, मेलेलं माणूस बोलत नाही असंच मला वाटतं, त्यात बदल झालेला नाही. पण "बंदी घाला" हे मला पटत नाही आणि "असू दे ना, त्यांची श्रद्धा आहे" हे तर अजिबातच पटत नाही. असल्या गावांना तिकडे कॅम्प म्हणतात, त्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास बघितला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, जे उघड्यावर, झाडाखाली, सगळ्यांच्या देखत झालं त्यातलं बरंचसं जपण्यासारखं होतं, आणि जे बंद खोलीत, दिवे मालवून, पैसे मोजून झालं त्यात फसवणुकीने घर केलं. म्हणजे भांडायचं असेल तर खोलीशी भांडा, बाकाशी कशाला.

आधी हे काय प्रकरण आहे ते. स्पिरिच्युअलिझम म्हणजे आपण हल्ली म्हणतो तसलं योगा, मेडिटेशनवालं स्पिरिच्युअल नव्हे. आपल्याकडे जुन्या मराठीत याला परलोकविद्या म्हणायचे. मेल्यावर माणूस एका दुसऱ्या लोकात जातो, तिथून तो आपल्याशी बोलू शकतो, आणि हे बोलणं काही विशेष लोकांमार्फत म्हणजे मिडियममार्फत होतं, एवढा साधा मामला. सुरुवात 31 मार्च 1848 ला न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावात झाली असं मानतात, फॉक्स नावाच्या कुटुंबातल्या दोन लहान मुली, मॅगी आणि केट, यांच्या घरात टकटक आवाज यायला लागले आणि मुली प्रश्न विचारून त्या टकटकीतून उत्तरं मिळवायला लागल्या. दुसऱ्याच वर्षी नोव्हेंबरात रोचेस्टरच्या कोरिंथियन हॉलमध्ये तिकीट लावून जाहीर प्रयोग. पुढे 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, सहा लाखांच्या वर माणसं मेली, त्यातली कितीतरी कुठेतरी लांब अनोळखी शेतात पुरलेली, घरच्यांना तोंडही बघायला मिळालं नाही. त्यात लहान मुलं तर घराघरात जायची. राष्ट्राध्यक्ष लिंकनचा मुलगा विली 1862 मध्ये गेल्यावर मेरी लिंकनबाईंनी खुद्द व्हाइट हाउसमध्ये असल्या बैठका घेतल्या. त्यामुळे हे लोक वेडे होते वगैरे म्हणण्याआधी जरा विचार करावा, ज्या बाईची तीन लेकरं गेली आणि एक मुलगा युद्धातून आलाच नाही ती दाराशी टकटक झाली तर उठून बघणारच की.

आता कॅम्प. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे उन्हाळी धार्मिक मेळावे, तंबू ठोकून रानात आठवडाभर प्रवचनं, हे अमेरिकेत आधीपासून होतंच. त्यात रेल्वे आली, आणि रेल्वे कंपन्यांना रविवारी डबे भरायला गिऱ्हाईक हवं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या लेक प्लेझंटचं उदाहरण घ्या, फिचबर्ग रेल्वेने तळ्याकाठी सहलीसाठी जागा तयार केली आणि 1874 पासून तिथे स्पिरिच्युअलिस्टांचे कॅम्प भरायला लागले. त्याच राज्यात ऑनसेट 1877 मध्ये, मेनमध्ये कॅम्प एटना 1876 मध्ये, इंडियानात चेस्टरफिल्डवाल्यांची संघटना 1886 मध्ये, फ्लोरिडात कॅसाडागा 1894 मध्ये. तंबूंसाठी आखलेल्या एवढ्याएवढ्याशा प्लॉटवर लोकांनी हळूहळू लाकडी कॉटेज बांधली, म्हणून या गावांत आजही घरं एकमेकांना खेटून आहेत, इकडच्या ओट्यावरून तिकडच्या ओट्यावर साखर मागता येईल अशी. नाचगाणं, बँड, तळ्यात होड्या, दुपारी लेक्चर, संध्याकाळी मेलेली आजी. आपल्याकडच्या जत्रेसारखंच, देव पण आणि पाळणे पण.

लिली डेल यातलं सगळ्यात नाव झालेलं. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला कॅसाडागा तळ्याकाठी (फ्लोरिडातलं कॅसाडागा वेगळं) 1879 मध्ये कॅसाडागा लेक फ्री असोसिएशन म्हणून सुरू झालं, 1903 मध्ये सिटी ऑफ लाइट असं भारदस्त नाव घेतलं आणि 1906 पासून लिली डेल. बारा महिने राहणारे लोक तीनशेच्या आत, पण जून अखेर ते सप्टेंबर सुरुवात या सीझनमध्ये गेटवर तिकीट काढून येणारे वीस हजारांच्या वर. जमीन कोणाच्याच मालकीची नाही, सगळी असेंब्लीची म्हणजे गाव चालवणाऱ्या संस्थेची, तुम्ही घर विकत घेऊ शकता पण जमीन भाड्याने, आणि तेही तुम्ही स्पिरिच्युअलिस्ट चर्चचे सभासद असाल तरच. माझं स्पष्ट मत आहे की हे गाव टिकलं ते आत्म्यांमुळे कमी आणि या जमिनीच्या नियमामुळे जास्त. बाकीच्या कित्येक कॅम्पांत प्लॉट विकले गेले, दुसरी पिढी शहरात गेली, तिसऱ्या पिढीने समरहाउस म्हणून पाहुण्यांना विकलं आणि संपला कॅम्प. श्रद्धा पातळ होते, लीजचा कागद होत नाही.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर समरलँडची गोष्ट सांगायलाच हवी, मला ती फार आवडते. मेलेली माणसं जिथे जातात त्या लोकाला स्पिरिच्युअलिस्ट लोक समरलँड म्हणायचे, कायम उन्हाळा असलेला देश. 1880 च्या दशकाच्या शेवटी एच. एल. विल्यम्स नावाच्या गृहस्थाने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ समुद्राकाठी आपल्या जमिनीवर याच नावाची वसाहत काढली आणि 25 फूट बाय 60 फुटांचे प्लॉट 25 डॉलरला विकायला काढले. स्वर्ग, सी फेसिंग, इझी रेटमध्ये. आणि मग तिथे जमिनीखाली तेल लागलं. काही वर्षांत किनारा डेरिकने, म्हणजे तेलविहिरींवरच्या मनोऱ्यांनी, भरला, आणि तेलाचा पट्टा समुद्रात जातोय म्हटल्यावर लाकडी धक्के बांधून पाण्यात विहिरी खणल्या, अमेरिकेतल्या समुद्रातल्या अगदी पहिल्या तेलविहिरींत त्यांची गणना होते. म्हणजे आत्म्यांना बोलवायला जमलेल्या गावाच्या नाकात कच्च्या तेलाचा वास. कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

असो. आता उघड्यावर झालेलं काय जपण्यासारखं ते सांगते, कारण काकांना हे माहीत नसणार. त्या काळात बाईने पुरुषांसमोर स्टेजवर उभं राहून भाषण करणं म्हणजे निर्लज्जपणा समजत. पण ती ट्रान्समध्ये, म्हणजे भान हरपलेली असेल, तिच्या तोंडून आत्मा बोलत असेल तर? मग ऐकायला हरकत नाही, कारण बोलतेय ती ती नाहीच! कोरा स्कॉट नावाची मुलगी विशीच्या आतच हजारोंसमोर तत्त्वज्ञानावर, गुलामगिरीवर बोलायची. आपल्याकडे अंगात आलेल्या बाईसमोर सासरासुद्धा हात जोडून उभा राहतो, एरवी ज्याच्यासमोर तिला खुर्चीवर बसायची सोय नाही, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की आपल्याकडे वारं उतरलं की बाई परत चुलीपाशी, आणि तिकडे मात्र काही बायकांनी हळूहळू डोळे उघडे ठेवून बोलायला सुरुवात केली. व्हिक्टोरिया वुडहल 1871 मध्ये स्पिरिच्युअलिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेची अध्यक्ष झाली आणि 1872 मध्ये थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहिली, तेव्हा देशात बहुतेक ठिकाणी बायकांना मत द्यायचाही हक्क नव्हता. लिली डेलला 1890 च्या दशकात बायकांच्या मताधिकारासाठी खास दिवस ठेवायचे, पिवळे झेंडे लावायचे, आणि मताधिकार चळवळीची पुढारी सुसान अँथनी, जी स्वतः काही आत्मेबित्मे मानणारी नव्हती, ती तिथे येऊन भाषणं करायची. कारण साधं होतं, बाकीच्या बऱ्याच चर्चची दारं तिला बंद, इथे तयार श्रोते आणि मोठं सभागृह. न्यूयॉर्क राज्यात बायकांना मत 1917 मध्ये मिळालं, त्यामागे जी काही शेकडो लहानमोठी व्यासपीठं होती त्यातलं एक हे, भुतांचं गाव म्हणून आपण ज्याला हसतो ते.

पण त्याच उघड्या व्यासपीठावर कोणाला जागा नव्हती तेही बघा. या मिडियम लोकांचे मार्गदर्शक आत्मे पुष्कळदा कोण असायचे, तर रेड इंडियन. फ्लोरिडातलं कॅसाडागा काढणारे जॉर्ज कोल्बी, त्यांना ती जागा सेनेका नावाच्या इंडियन आत्म्याने दाखवली म्हणे. सेनेका हे एका जमातीचं नाव आहे आणि त्या जमातीचे जिवंत लोक लिली डेलपासून फार लांब नसलेल्या कॅटरॉगस राखीव प्रदेशात तेव्हाही होते, आजही आहेत. मेलेला इंडियन ज्ञानी, जिवंत इंडियनची जमीन घेतलेली. आणि 1920 च्या दशकात काळ्या स्पिरिच्युअलिस्टांना वेगळी राष्ट्रीय संघटना काढावी लागली. परलोकात सगळे एक म्हणायचं आणि इथे बाकं वेगळी. हे काही मला नवीन वाटलं नाही, पंगतीचा इतिहास आपल्याला माहीत आहे.

आता खोली. कॅम्पात लेक्चर ऐकून पोट भरत नाही, लोकांना आपलं माणूस हवं असतं. मग लिहायच्या बंद पाट्यांवर आपोआप उमटणारी अक्षरं, अंधारात हवेत तरंगणारा पत्र्याचा कर्णा आणि त्यातून येणारा आवाज, पडद्याचं कॅबिनेट आणि त्यातून चालत येणारी पांढरी आकृती, हे सगळं सुरू झालं, आणि सीझनला कॅम्पचा गल्ला यावर भरायला लागला. नीट बघा, उघड्यावरच्या भाषणाला कोण किती पैसे देणार, सगळं अर्थकारण अंधाऱ्या खोलीवर. 1907 मध्ये हेरवर्ड कॅरिंग्टन नावाचा संशोधक लिली डेलला दोन आठवडे राहून सगळ्यांच्या बैठकांना बसला आणि पाट्या कशा बदलतात, काय काय हातचलाखी चालते ते सगळं अहवालात लिहून मोकळा झाला. हा माणूस या विषयाचा शत्रू नव्हता, उलट काहीतरी खरं सापडेल या आशेने जन्मभर शोधत राहिलेला.

आणि त्याच्याही आधी, 21 ऑक्टोबर 1888 ला, जिच्यापासून सगळं सुरू झालं ती मॅगी फॉक्स न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिकच्या स्टेजवर उभी राहून म्हणाली की आम्ही पायाच्या बोटांचे सांधे मोडून आवाज काढायचो, आणि मोडून दाखवले सुद्धा. केट प्रेक्षकांत बसलेली. वर्षभराने मॅगीने शब्द फिरवला, पैशाची तंगी होती, दारू होती, 1892 आणि 1893 मध्ये दोघी हलाखीत गेल्या. आता तुम्ही म्हणाल मग संपलं असेल सगळं. उलट! 1893 मध्ये शिकागोत स्पिरिच्युअलिस्टांची नवी राष्ट्रीय संघटना उभी राहिली (त्याच सप्टेंबरात त्याच शहरात आपले विवेकानंद सर्वधर्म परिषदेत गाजत होते), 1894 मध्ये फ्लोरिडाचा कॅम्प, आणि 1916 मध्ये तर लिली डेलवाल्यांनी हाइड्सव्हिलचं ते फॉक्स बहिणींचं घर उचलून आणून आपल्या गावात बसवलं, देऊळ बसवावं तसं. ज्या घरातल्या मुलीने स्टेजवर सगळं कबूल केलं त्याच घराचं तीर्थ झालं. 1955 मध्ये ते जळालं. "एकदा भांडाफोड केला की अंधश्रद्धा संपते" असं ज्यांना वाटतं त्यांनी हे घर लक्षात ठेवावं. भांडाफोड करावा लागतोच, पण जो रडायला आलाय त्याला पुराव्याची भूक नसते, दुसरीच भूक असते.

चेस्टरफिल्डचं प्रकरण मला सगळ्यात जास्त खटकलं, आणि माझं मत पक्कं झालं ते तिथेच. 1960 च्या उन्हाळ्यात स्पिरिच्युअलिस्टांच्याच एका पेपरचा संपादक, टॉम ओनील, आणि संशोधक आंद्रिया पुहारिच यांनी तिथल्या एका बैठकीचं इन्फ्रारेड फिल्मवर चित्रण केलं. हेतू चांगला होता, आत्मे प्रकट होतात हे जगाला दाखवून द्यायचं. फिल्म धुतल्यावर दिसलं काय, तर बाजूच्या दारातून झिरझिरीत कापड गुंडाळून कॅम्पातलीच ओळखीची माणसं आत येतायत. त्या संपादकाने हे छापलं, स्वतःच्याच पेपरमध्ये, स्वतःच्याच वाचकांपुढे, आणि त्याचा फटका पेपरलाच बसला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात सच्चा श्रद्धाळू हाच, आणि त्याला शिक्षा झाली. मग 1976 मध्ये लमार कीन नावाच्या माजी मिडियमने पुस्तक लिहून आतली पद्धत सांगितली. गिऱ्हाइकांची कार्डं ठेवलेली असायची, नाव, गाव, कोण गेलं, कशाने गेलं, काय ऐकलं की रडते, आणि ही माहिती एका मिडियमकडून दुसऱ्याकडे, एका कॅम्पमधून दुसऱ्या कॅम्पमध्ये फिरायची. बायकांच्या पर्समधून एखादी छोटी वस्तू काढून ठेवायची आणि काही दिवसांनी आत्म्याने आणून दिली म्हणून हातात टाकायची.

हे वाचताना मला भुताखेतांचा राग आला नाही, त्या कार्डांचा आला. कारण श्रद्धा वगैरे बाजूला ठेवा, एका बाईने विश्वासाने सांगितलेलं तिचं सगळ्यात खोल दुःख कोणीतरी फाईल करून ठेवतंय, वाटून घेतंय, आणि त्याच्यावर पैसे कमावतंय. आत्मा आहे की नाही यावर हजार वर्षं वाद घाला, या कार्डांवर वाद घालायला काहीच नाही.

मग यावर कॅम्पवाल्यांचं उत्तर काय? सर्टिफिकेट. लिली डेलला धंदा करायचा तर असेंब्लीची परीक्षा द्यावी लागते, तिथल्या लोकांना रीडिंग देऊन, म्हणजे समोर बसवून आत्म्याचा निरोप सांगून, दाखवावं लागतं, मग रजिस्टर्ड मिडियम म्हणून पाटी लावता येते. अंधारातले प्रकारही त्यांनी पुढे बंद केले, आता सगळं दिव्याच्या उजेडात समोर बसून, हे चांगलंच झालं आणि त्यांना त्याचं श्रेय दिलं पाहिजे. फ्लोरिडात तर गंमत आहे, रस्त्याच्या एका बाजूला कॅम्पचे प्रमाणित मिडियम आणि दुसऱ्या बाजूला टॅरोवाले, क्रिस्टलवाले, आणि प्रमाणित लोक म्हणतात ते पलीकडचे आमचे नाहीत हं. अमृततुल्यच्या पाटीवर "आमची कुठेही शाखा नाही" लिहितात तसं. पण परीक्षा घेणारे कोण, तेच. तपासतात काय, तर समोरच्याचं समाधान झालं का. समाधान होणं आणि खरं असणं यात अंतर आहे, आणि ते अंतर मोजायला बाहेरचा माणूस लागतो, जो त्या गावातल्या जमिनीच्या लीजवर अवलंबून नाही. चेस्टरफिल्डलाही सगळं रीतसरच होतं.

कायदा या बाबतीत बावळटासारखा वागत आलाय. न्यूयॉर्क राज्यात पैसे घेऊन भविष्य सांगणं, अतींद्रिय शक्तीने सल्ला देणं हा कागदोपत्री आजही गुन्हा आहे, फक्त मनोरंजनासाठी केलं तर सूट, आणि त्याच राज्यात लिली डेल सुखाने नांदतंय. म्हणजे मनापासून विश्वास ठेवून सांगितलं तर गुन्हेगार आणि "हे सगळं खोटंय बरं का, मजा म्हणून" म्हटलं तर सुटलात! इंग्लंडने जरा शहाणपणा केला, आधी भटक्यांच्या 1824 च्या कायद्याखाली मिडियमना धरायचे, 1951 मध्ये फसव्या मिडियमसाठी वेगळा कायदा केला, आणि 2008 मध्ये तो रद्द करून हे प्रकरण सरळ ग्राहक संरक्षणाच्या नियमांखाली टाकलं. म्हणजे मेलेल्या आजोबांचा निरोप आणि बिघडलेला मिक्सर एकाच खिडकीवर. ऐकायला विचित्र वाटतं पण मला हे पटतं, कारण तिथे प्रश्न आत्म्याचा उरत नाही, विकणाऱ्याच्या वागण्याचा होतो. आपल्या महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा, ज्यासाठी दाभोलकरांचा जीव गेला आणि मग चार दिवसांत वटहुकूम निघाला, तोही देव मानू नका असं कुठे म्हणत नाही. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हात लावत नाही, मारहाण, दहशत, चमत्काराच्या नावाने लुबाडणूक यांना धरतो. ग्रुपवर दाभोलकरांचा फोटो टाकणाऱ्या काकांनी तो कायदा एकदा वाचावा, तो त्यांच्यापेक्षा खूप समजूतदार आहे.

आणि आपला या सगळ्याशी काय संबंध असं कोणी म्हणू नये. ब्लाव्हॅट्स्कीबाई आणि कर्नल ऑल्कॉट यांची भेटच मुळी 1874 मध्ये व्हरमाँटमधल्या एका शेतघरात झाली, जिथे एडी नावाचे भाऊ रोज रात्री आत्मे प्रकट करून दाखवायचे. पुढल्या वर्षी दोघांनी थिऑसॉफिकल सोसायटी ही गूढविद्येची संस्था काढली आणि 16 फेब्रुवारी 1879 ला, म्हणजे लिली डेल स्थापन झालं त्याच वर्षी, ते मुंबईत उतरले आणि राहिले कुठे, तर गिरगावात. 1882 अखेर मद्रासजवळ अड्यारला जाईपर्यंत मुख्यालय मुंबईतच. 1885 मध्ये असले चमत्कार तपासणाऱ्या लंडनच्या संशोधन मंडळींनी त्यांच्याही अड्यारच्या चमत्कारी कपाटामागच्या सरकत्या फळीवर बोट ठेवलं ते सोडा. पुढे विसाव्या शतकात वि. द. ऋषी यांनी मुंबईत परलोकविद्येची रीतसर संस्था चालवली, आणि प्लँचेट हा शब्द तर इतका आपला झाला की मे महिन्याच्या सुट्टीत वाटी उलटी घालून कोणी टिळकांना बोलावलं नाही असा वाडा सापडणं कठीण. टिळकांना तेवढाच उद्योग.

एक फरक मात्र मजेशीर आहे. लेक प्लेझंटला 1913 मध्ये फूट पडली ती पुनर्जन्मावरून. एक गट म्हणाला माणूस पुन्हा जन्म घेतो, दुसरा म्हणाला छे. आपल्याला वाटेल यात भांडण्यासारखं काय, पण त्यांची अडचण खरी होती, आजी जर ओहायोत कोणाच्या पोटी जन्मून रांगायला लागली असेल तर मंगळवारी संध्याकाळी खोलीत येऊन बोलणार कोण? सगळा डोलारा आजी वर रिकामी बसलीये यावर उभा. आपलं याच्या उलट, आपण दहाव्याला कावळा शिवायची वाट बघतो, शिवला की सुटलो, जा बाबा पुढे. आपले सगळे विधी निरोपाचे आहेत, त्यांचे बोलावण्याचे. पण निरोप देण्याची घाई आपल्याला इतकी की तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं की त्या बाईने आता हसायला लागलं पाहिजे, साडी बदलली पाहिजे, पुढचं बघितलं पाहिजे. आणि गेलेल्याचं नाव काढलं की सगळे विषय बदलतात.

हे मला बहिणीमुळे कळलं. ग्रुपवरचं भांडण शमल्यावर मी तिला फोन केला आणि विचारलं काय सांगितलं गं तुला. ती म्हणाली, काहीच नाही, मी रीडिंग घेतलंच नाही. त्या बुंध्यापाशी, इन्स्पिरेशन स्टंप म्हणतात त्याला, एकेक मिडियम येऊन उभं राहतं आणि बाकावरच्या कोणाला तरी विचारतं, मी तुमच्याकडे येऊ का, आणि मग दोनचार वाक्यांचा निरोप. हिच्याकडे कोणी आलंच नाही. पण शेजारी बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, कोण गेलं तुझं? आणि ही तासभर नवऱ्याबद्दल बोलत बसली, तो कसा घोरायचा इथपासून. "तीन वर्षांत कोणी असं विचारलंच नव्हतं गं. सगळे विचारतात आता बरी आहेस ना."

त्यामुळे बंदीवाल्यांना माझा प्रश्न आहे, तुम्ही त्या बाकाच्या जागी काय देणार? तर्क देणार असाल तर तो तिच्याकडे आहे, ती इंजिनियर आहे, तिला माहितीये नवरा परत बोलणार नाही. आणि श्रद्धावाल्यांना प्रश्न, त्या गावात शिरायला तिकीट काढलेल्या प्रत्येक दुःखी माणसाची माहिती कोणाकडे जाते, रीडिंगआधी मिडियमला काय काय ठाऊक असतं, पैसे परत मिळतात का, तक्रार गावाबाहेर कोणाकडे करायची, यातलं तुम्ही काय तपासलंत? खोलीत आत्मा येतो का हे सरकारने ठरवू नये, त्याला ते जमणारही नाही. पण खोलीला दुसरं दार आहे का, हे बघायला काहीच हरकत नाही, इन्फ्रारेड लागत नाही त्याला.

बहीण येत्या जुलैत परत जाणार आहे. मामी तेव्हा तिच्याकडेच असतील, त्याही म्हणतायत मी येते. परवा फोनवर त्यांनी मला विचारलं, नुसतं बाकावर बसायचं असेल तर वेगळे पैसे पडतात का गं. म्हटलं नाही हो मामी, गेटचं तिकीट लागतं, बाकाचं वेगळं काही नाही.